एका दंडात दोन लसी

२०२१च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या हद्दीकडच्या एका खेड्यात, वीस माणसांना चुकून दुसरीच लस टोचली गेली. पहिला डोस कोव्हिशील्डचा होता. सहा आठवड्यांनी ही माणसं दुसऱ्या डोससाठी आली आणि कर्मचाऱ्यांनी कोव्हॅक्सिनची कुपी फोडली. बातमी फुटली, चौकशी लागली, गावात घबराट पसरली. दुसऱ्या लाटेचा तो काळ. आता आपलं काय होणार, असं त्या माणसांना वाटणं अगदी साहजिक होतं. त्यांतले बहुतेक साठीच्या आसपासचे किंवा पुढचे होते.

त्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात निघालं. राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे आपल्या एनआयव्हीने, गोरखपूरच्या आयसीएमआर केंद्राच्या मदतीने त्यांतल्या १८ जणांचा अभ्यास केला. तुलनेसाठी दोन्ही डोस कोव्हिशील्डचे घेतलेले ४० आणि दोन्ही डोस कोव्हॅक्सिनचे घेतलेले ४० जण निवडले. एकूण ९८. ऑगस्टमध्ये निष्कर्ष जाहीर झाले. मिश्र डोस घेतलेल्यांपैकी कुणालाही गंभीर त्रास झाला नव्हता. दंड दुखणं, थोडा ताप, थकवा, एवढंच, आणि तेही बाकीच्या दोन गटांत होतं तितपतच. प्रतिपिंडं मात्र चांगली तयार झाली होती. अल्फा, बीटा आणि डेल्टा या तिन्ही उपप्रकारांवर त्यांचं रक्त चाललं. हा शोधनिबंध पुढे छापून आला तो ‘जर्नल ऑफ ट्रॅव्हल मेडिसिन’ या, प्रवाशांच्या आरोग्याला वाहिलेल्या नियतकालिकात. अभ्यासातली माणसं कधी विमानात बसली असतील असं वाटत नाही, पण त्यांच्या रक्तातून निघालेलं उत्तर ज्यांना सगळ्यांत आधी हवं होतं ते पासपोर्ट हातात धरून बसले होते, आणि त्यांतले कितीतरी पुण्यात होते.

पुण्याचा या दोन्ही लसींशी संबंध फार जवळचा. कोव्हिशील्ड तर सरळ इथलीच. १२ जानेवारी २०२१च्या पहाटे मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून पहिले तीन ट्रक पूजा करून लोहगाव विमानतळाकडे निघाले, ते दृश्य देशभर दाखवलं गेलं. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची. पण ती ज्या विषाणूपासून बनली, तो वेगळा करून वाढवला एनआयव्हीने, आणि तिचं उत्पादन वाढवण्यासाठी मांजरी खुर्दमधल्या कारखान्याचा ताबा घ्यायला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच मे महिन्यात परवानगी दिली. कोव्हिशील्डच्या भारतातल्या चाचणीचे पहिले डोस २६ ऑगस्ट २०२० रोजी भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात टोचले गेले होते. दोन्ही लसींच्या मुळाशी असलेल्या या शहरातली मुलं शिकायला बाहेर निघाली, तेव्हा त्यांच्याच दंडातली लस परक्या दारात ओळखली जाईना.

या अडचणीची सुरुवात मे महिन्यातच झाली होती. १ मे २०२१ला १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं. लस कमी, रांगा मोठ्या. को-विनवर स्लॉट उघडला की काही सेकंदांत संपायचा. मिळेल ती लस घ्यायची, हाच शहाणपणाचा सल्ला होता आणि डॉक्टरही तोच देत होते. राज्याने सुरुवातीला या तरुण गटासाठी कोव्हॅक्सिन वापरली. मग दुसऱ्या डोसची वाट पाहणारे ४५ वर्षांवरचे लोक अडकून पडले, म्हणून तो साठा त्यांच्याकडे वळवला आणि तरुणांचं लसीकरण थांबवलं. पहिल्या दहा-बारा दिवसांत ज्यांना कोव्हॅक्सिन मिळाली, त्यांना आपण नशीबवान आहोत असं वाटलं असणार. जूनमध्ये अमेरिकी विद्यापीठांची पत्रं येऊ लागली: जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नसलेली लस आम्ही धरणार नाही, इथे येऊन नव्याने लस घ्या. कोव्हॅक्सिन त्या यादीत नव्हती. रशियाची स्पुटनिकही नव्हती.

कोव्हिशील्डवाल्यांची अडचण निराळी होती. ती लस फेब्रुवारी २०२१मध्येच यादीत गेली होती, पण १३ मे रोजी केंद्राने दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. ज्याला ऑगस्टमध्ये वर्गात हजर व्हायचं त्याला मे अखेरीस पहिला डोस मिळाला, तर दुसरा मिळेपर्यंत सत्र सुरू होणार. पुणे महापालिकेने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात वेगळी सोय केली. प्रवेशपत्र, व्हिसाचे कागद दाखवायचे आणि डोस घ्यायचा. ७ जूनला केंद्राने नियम सैल केला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा टोकियो ऑलिंपिकसाठी बाहेर जाणाऱ्याला २८ दिवसांनंतर दुसरा डोस चालेल, आणि सर्टिफिकेट पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलं जाईल. त्या सूचनांत एक बारीक वाक्य होतं: सर्टिफिकेटवर लसीचं नाव ‘कोव्हिशील्ड’ एवढंच पुरेसं आहे. तेवढं पुरेसं नव्हतं, हे १ जुलैला युरोपीय महासंघाचा हरित परवाना सुरू झाला तेव्हा कळलं. युरोपच्या औषध संस्थेने मान्यता दिली होती ती ॲस्ट्राझेनेकाच्या ‘व्हॅक्सझेव्हरिया’ या नावाला. सूत्र तेच, पण कारखाना आणि नाव वेगळं. जर्मनी, स्पेन, स्वित्झर्लंड अशा काही देशांनी आपापल्या पातळीवर कोव्हिशील्ड मान्य केली, म्हणून निभावलं.

कोव्हॅक्सिनवाल्यांना थांबावं लागलं ते ३ नोव्हेंबरपर्यंत. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला यादीत घेतलं. पण तोवर एक सत्र निघून गेलं होतं. जे थांबू शकत नव्हते, त्यांनी तिकडे जाऊन वेगळी लस घेतली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्यांच्यासाठी साधा नियम केला होता: यादीत नसलेल्या लसीनंतर किमान २८ दिवस जाऊ द्या, मग आमच्याकडची लस पहिल्या डोसपासून घ्या. म्हणजे पुण्यात कोव्हॅक्सिनचे दोन, आणि बॉस्टनला किंवा टेक्सासला फायझरचे किंवा मॉडर्नाचे दोन. काही महिन्यांत चार डोस, दोन अगदी वेगळ्या जातींचे. त्यांच्या आईवडिलांनी इथे प्रत्येक डॉक्टरला एकच प्रश्न विचारला, आणि त्या वेळी कुणालाच त्याचं ठाम उत्तर देता येत नव्हतं: एवढं सगळं अंगाला बाधणार तर नाही ना?

बाधणं म्हणजे काय, हे आधी पाहायला हवं.

लसीनंतर येणारा ताप आणि अंगदुखी हे शरीराचं उत्तर असतं. दंडात परकं काही शिरलं हे पहिल्या फळीच्या पेशींना काही तासांत कळतं. त्या रासायनिक संदेश सोडतात आणि त्या संदेशांमुळे कणकण येते, थंडी वाजते, डोकं ठणकतं, कधी काखेत गाठ सुजते. दोन दिवसांत हे शमतं. कोणती लस हे संदेश किती जोरात सोडायला लावते, ते तिच्या घडणीवर ठरतं. कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा, वाढू न शकणारा विषाणू वाहक म्हणून वापरलेला असतो. तिचा पहिला डोस तरुणांना जास्त चढतो आणि दुसरा बहुधा सौम्य जातो. फायझर-मॉडर्नाच्या एमआरएनए लसींचं उलट आहे. त्यांचा दुसरा डोस अंगावर येतो. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा पण मारलेला विषाणू असतो, सोबत प्रतिकारशक्तीला चिथावणारं एक द्रव्य. तिन्हींत ती सगळ्यांत मवाळ. त्यामुळे कोव्हिशील्डनंतर कोव्हॅक्सिन टोचलेल्या गावकऱ्यांना फार त्रास झाला नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न खरा होता तो वाहक विषाणूच्या लसीनंतर एमआरएनए लस घेणाऱ्यांचा.

त्याचं सर्वांत नेटकं उत्तर ऑक्सफर्डच्या ‘कॉम-कोव्ह’ चाचणीने दिलं. पन्नाशीपुढचे ८३० स्वयंसेवक, दोन लसी, सगळ्या शक्य जोड्या. मे २०२१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले आकडे असे: दोन्ही डोस ॲस्ट्राझेनेकाचे घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांना दुसऱ्या डोसनंतर ताप आल्यासारखं वाटलं, ॲस्ट्राझेनेकानंतर चार आठवड्यांनी फायझर घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. दोन्ही फायझर घेतलेल्यांत २१ टक्के, आणि फायझरनंतर ॲस्ट्राझेनेका घेतलेल्यांत ४१. थंडी, थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी हेही मिश्र गटांत वाढलं होतं आणि पॅरासिटामोलच्या गोळ्याही जास्त लागल्या. पण हा वाढीव त्रास बहुतेक पहिल्या ४८ तासांतच आटोपला आणि त्यासाठी कुणाला रुग्णालयात दाखल करावं लागलं नाही. पुढे त्याच चाचणीचे रक्ताचे निकाल आले. ॲस्ट्राझेनेकानंतर फायझर घेतलेल्यांत प्रतिपिंडं दोन्ही ॲस्ट्राझेनेकावाल्यांच्या सुमारे नऊपट होती.

ॲस्ट्राझेनेकाची लस म्हणजेच कोव्हिशील्ड. त्यामुळे पुण्यात कोव्हिशील्ड घेऊन लंडनला फायझरचा बूस्टर घेणाऱ्या मुलीला हे आकडे बरेचसे लागू पडतात. दोन फरक मात्र ध्यानात ठेवायला हवेत. ती चाचणी पन्नाशीपुढच्यांवर होती आणि तरुणांना लसीनंतर ताप जास्त येतो. दुसरं, डोसांतलं अंतर वाढलं की त्रास कमी होतो, आणि बूस्टर तर महिन्यांनी घेतला जातो.

तीनातल्या एकाला ताप येणार, हा आकडा प्रवाशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. डोस घेतल्याच्या दुसऱ्या रात्री अठरा तासांच्या विमानप्रवासात अंग फणफणलं, तर जीवावर बेतत नाही; पण त्या काळात विमानतळावर ताप मोजत होते आणि ताप असलेल्याला बाजूला काढत होते. ज्याने उड्डाणाआधी तीन-चार दिवस मोकळे ठेवले त्याचं काम सोपं झालं. इतकी साधी गोष्ट त्या धांदलीत कुणी नीट सांगितली नाही. सर्टिफिकेटच्या चिंतेत सगळं लक्ष कागदाकडे गेलं.

मिश्र लस ही काही कोविडने शोधून काढलेली तऱ्हा नाही. आपल्याकडे लहान मुलांना पोलिओचे तोंडावाटे थेंब आणि इंजेक्शनची लस दोन्ही दिली जातात. २०१५पासून हे राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. इबोलाच्या एका लसीत पहिला आणि दुसरा डोस मुळातच वेगळ्या विषाणूंवर बांधलेला आहे. आणि स्पुटनिक, जिची चाचणी पुण्यातही झाली, तिच्या दोन कुप्या दोन वेगळ्या वाहकांच्या होत्या. कारण उघड आहे. पहिल्या डोसनंतर शरीर रोगाविरुद्ध तयार होतं, तसं लसीच्या वाहकाविरुद्धही तयार होतं. दुसऱ्या वेळी वाहक बदलला की शरीर त्याला दारातच अडवत नाही. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सलर अंगेला मेर्केल यांनी एप्रिल २०२१मध्ये ॲस्ट्राझेनेका घेतली आणि जूनमध्ये मॉडर्ना.

त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामीनाथन यांनी लसी मिसळण्याचा कल धोकादायक ठरू शकतो असं म्हटलं, आणि ती बातमी इथे वणव्यासारखी पसरली. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत शिकलेल्या या डॉक्टरबाईंचा शब्द पुणेकरांसाठी मोठा. त्यांनी नंतर खुलासा केला. लोकांनी आपल्या मनाने तिसरा-चौथा डोस कुठला घ्यायचा ते ठरवू नये. आरोग्य यंत्रणांनी माहिती हातात घेऊन ठरवावं, असा त्यांचा रोख होता. खुलासा मात्र पहिल्या वाक्याइतका दूर गेला नाही. ज्या मुलांना मनाने नव्हे, विद्यापीठाच्या सक्तीने मिसळावं लागत होतं, त्यांच्या घरी त्या आठवड्यात काय चाललं असेल याची कल्पना करता येते.

भीतीही शरीरात उतरते. महाराष्ट्रातही अशी चूक झाली होती. जालना जिल्ह्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना पहिला डोस कोव्हॅक्सिनचा आणि दुसरा कोव्हिशील्डचा दिला गेला. त्यांना थोडा ताप आला, अंगावर पुरळ आलं आणि त्यांनी घाबरून हाय खाल्ली, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे. त्यांतला ताप लसीमुळे हे मानायला हरकत नाही. पण आपल्याला चुकीचं काही टोचलं गेलंय हे कळल्यानंतर वाढलेली धडधड, सुटलेला घाम, उडालेली झोप यांना किती वेगळं काढायचं? लसीकरणाच्या शास्त्रात अशा चिंतेतून येणाऱ्या लक्षणांचा वेगळा वर्ग आहे आणि ती खोटी मानली जात नाहीत. माणसाला होणारा त्रास खराच असतो. त्यावर औषध म्हणजे वेळेवर, पूर्ण आणि समोर बसून दिलेली माहिती. ती कमी पडली.

क्वचित घडणाऱ्या गंभीर गोष्टींकडेही डोळेझाक करून चालणार नाही. वाहक विषाणूच्या लसीनंतर फार थोड्या लोकांत रक्तात गुठळ्या झाल्या आणि त्याच वेळी प्लेटलेट घटल्या. हे मुख्यतः पहिल्या डोसनंतर, साधारण चार दिवस ते चार आठवड्यांच्या काळात दिसलं. भारताच्या समितीने मे २०२१मध्ये जो अहवाल दिला, त्यात कोव्हिशील्डनंतरच्या गुठळ्यांच्या संशयित २६ घटना होत्या. दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये हे प्रमाण दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीत १० सांगितलं गेलं होतं. युरोपातल्या अनेक देशांनी तरुणांना दुसरा डोस एमआरएनएचा द्यायला सुरुवात केली ती यामुळेच. मिश्रण तिथे धोका टाळण्यासाठी आलं. २०२४च्या एप्रिलअखेर ब्रिटनमधल्या, ॲस्ट्राझेनेकावरच्या खटल्याच्या कागदपत्रांची बातमी इथे आली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी कोव्हिशील्ड घेतलेले लोकही रक्ततपासणीला धावले. त्या दुष्परिणामाची वेळ काही आठवड्यांची असते, हे तेव्हाही कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं.

एमआरएनए लसींची जोखीम वेगळी आहे: हृदयाच्या स्नायूला सूज. तीही क्वचित, मुख्यतः तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर आठवडाभरात. उत्तर युरोपातल्या चार देशांच्या, २ कोटी ३० लाख लोकांच्या नोंदींवरून झालेला अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. १६ ते २४ वयाच्या मुलग्यांत फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर लाखामागे ४ ते ७, आणि मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर ९ ते २८ जादा घटना आढळल्या. पहिला डोस फायझरचा आणि दुसरा मॉडर्नाचा असेल तिथेही प्रमाण चढं होतं. बहुतेक जण बरे झाले. आता हेच वय, हेच लिंग, आणि मॉडर्ना-फायझरचे दोन नवे डोस हे वर्णन कुणाला लागू पडतं ते पाहा: पुण्याहून एमएस करायला गेलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला. कोव्हॅक्सिनमुळे ही जोखीम वाढते असं म्हणायला काही आधार नाही. पण इथे दोन डोस झालेल्या निरोगी मुलाने ही जोखीम, कितीही बारीक असली तरी, एका यादीत नाव नव्हतं म्हणून पत्करली. माझा राग त्याबद्दल आहे. छातीत दुखलं, धाप लागली, तर लगेच डॉक्टर गाठ आणि कोणकोणत्या लसी झाल्यात ते सगळं सांग, हे वाक्य त्याच्या हातात कुणी दिलं होतं का?

भारताने मिश्रणाला मान्यता द्यायला वेळ घेतला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला ३०० स्वयंसेवकांवर चाचणीची परवानगी ऑगस्ट २०२१मध्ये मिळाली. जानेवारी २०२२मध्ये बूस्टर सुरू झाले तेव्हा पहिली लस तीच तिसरी, असा नियम होता. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये कोट्यवधी लोक ॲस्ट्राझेनेकाच्या दोन डोसांवर फायझर किंवा मॉडर्ना घेऊन मोकळे झाले होते, त्यांत तिथली मराठी कुटुंबंही आली. मे २०२२मध्ये केंद्राने परदेशी जाणाऱ्यांना त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे नऊ महिन्यांच्या आत बूस्टर घेण्याची मुभा दिली. ऑगस्ट २०२२मध्ये कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिननंतर कोर्बेव्हॅक्स चालेल असं ठरलं आणि तेव्हा कुठे मिश्र डोसाला आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात अधिकृत जागा मिळाली. जून २०२३मध्ये हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची, पुण्यातच घडलेली एमआरएनए बूस्टर लस आली. ती आधी कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्यांसाठीच बनवली होती, सुईविना कातडीत सोडायची. पण एव्हाना अमेरिकेने मे २०२३मध्ये परदेशी प्रवाशांची लससक्ती उठवली होती आणि लोकही लसींना कंटाळले होते.

कोविडची सक्ती गेली, म्हणून परदेशी जाणाऱ्याच्या दंडावरचं ओझं उतरलं असं मात्र नाही. दर उन्हाळ्यात अमेरिकेला निघालेल्या मुलांकडे विद्यापीठाचा फॉर्म येतो: एमएमआरचे दोन डोस, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा बूस्टर, मेंदूज्वराची लस, आणि क्षयाची रक्ततपासणी. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस. हे सगळं व्हिसा हातात पडल्यावर, बॅगा भरता भरता उरकायचं असतं. चार सुया एका आठवड्यात चालतील का, हा तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो.

मारलेल्या विषाणू-जिवाणूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या लसी एकत्र किंवा कितीही अंतराने बहुतेक चालतात. त्यांचा त्रास दोन दिवसांत येतो आणि जातो. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या लसींचं गणित वेगळं. एमएमआर आणि पिवळा ताप या दोन्ही जिवंत. त्या एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी टोचाव्यात, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावेत. अधलंमधलं अंतर ठेवलं तर दुसरी लस नीट लागू पडत नाही. पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होतं, २०१६पासून ते आयुष्यभरासाठी असतं. साठीपुढच्या प्रवाशांनी ती घ्यावी का हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं, कारण तिचे क्वचित होणारे गंभीर परिणाम त्या वयात जास्त दिसले आहेत.

एमएमआरची गोम वेळेची आहे. पुण्यात ती बहुतेकदा सीरमचीच, ट्रेसिव्हॅक, मिळते. तिच्यातले विषाणू शरीरात थोडे वाढतात, म्हणून ताप किंवा पुरळ टोचल्याच्या दिवशी न येता सात ते बारा दिवसांनी येतं. प्रौढ स्त्रियांना तिच्यातल्या रुबेलामुळे एक ते तीन आठवड्यांनी सांधेदुखीही होऊ शकते. जाण्याच्या आदल्या आठवड्यात एमएमआर घेणाऱ्या मुलीला परक्या गावात, भाड्याच्या खोलीत, पहिल्याच आठवड्यात ताप चढतो. ती तो हवापालटाचा समजते किंवा कोविडचा. शिवाय एमएमआरनंतर चार आठवडे क्षयाच्या तपासणीचं उत्तर चुकू शकतं. म्हणून ती रक्ततपासणी लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करावी. हे क्रम ज्यांना माहीत नसतात त्यांना तिकडे पोचल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते आणि तिचे डॉलर मोजावे लागतात. प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात लसींचा फॉर्म काढून डॉक्टरांपुढे ठेवला, तर दोन एमएमआरमधले २८ दिवस, तपासणी, बूस्टर सगळं निवांत बसतं.

आता पुन्हा त्या २०२१च्या मुलांकडे येतो, कारण त्यांच्याबाबतीत एक काम राहून गेलंय. मिश्र डोसाचं आपल्याकडचं पहिलं ज्ञान चुकीने लस टोचल्या गेलेल्या १८ गावकऱ्यांनी दिलं. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त जणांनी प्रवासापायी लसी मिसळल्या: तरुण, निरोगी, लिहितेवाचते, तारखा जपून ठेवणारे. त्यांचे पहिले दोन डोस को-विनवर आहेत, पुढचे दोन दुसऱ्या देशाच्या नोंदवहीत. ताप आला असेल तर तो वसतिगृहाच्या खोलीत पॅरासिटामोलवर गेला. कोव्हॅक्सिनवर एमआरएनएचे दोन डोस ही जोडी जगात फार थोड्यांच्या वाट्याला आली, आणि त्यांतली पुष्कळ मुलं पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरची असणार.

एनआयव्ही, बी. जे. मेडिकल, भारती विद्यापीठ, वढूचं ग्रामीण आरोग्य केंद्र अशा संस्था असलेल्या शहराला हा अभ्यास अवघड नाही. ही मुलं दिवाळीला, लग्नाकार्याला घरी येतात. कोणत्या लसी, कोणत्या तारखांना, किती दिवस ताप, छातीत दुखलं का, पाळीत बदल झाला का, नंतर कोविड झाला का, आणि तपासणीसाठी थोडं रक्त. लससक्तीचा पुढचा फेरा येईल तेव्हा पुन्हा कुठल्या तरी आईवडिलांचा तोच प्रश्न असणार आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला लागणारी माहिती आज या मुलांच्या फोनमधल्या सर्टिफिकेटांत आणि त्यांच्या आठवणीत आहे. ती अजून ताजी आहे तोवर गोळा करायला हवी.